करंट खातंय कोण?

गुरुवारी रात्री आईचा फोन आला. "गाडी परत सेल्फ घेईना गं. नुसतं टकटक वाजतंय. अप्पा मघापासून बॉनेट उघडून उभे आहेत."

तीन महिन्यांतली ही चौथी वेळ. पहिल्यांदा कुणालाच नवल वाटलं नव्हतं. बॅटरी चार वर्षांची झाली होती, म्हणून अप्पांनी नवी बसवली. 35 अँपिअर-तास क्षमतेची, आमच्या छोट्या पेट्रोल गाडीला लागते तीच. दीड महिन्यात ती नवी बॅटरीही उतरली. दुकानदाराने टेस्टर लावला, बॅटरी चांगली आहे म्हणाला आणि रात्रभर चार्ज करून परत दिली. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्या एकाने सांगितलं, इंजिनवर फिरणारा डायनामो बॅटरी चार्ज करत नाही, बदलून टाका. तिसरा म्हणाला, अख्खं वायरिंग उघडावं लागेल, गाडी दोन दिवस सोडून जा. तिघांचे तीन अंदाज. मोजून मात्र कुणीच काही सांगितलं नव्हतं आणि मला त्याचाच राग आला.

अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. कराडपासून आमचं गाव आत आहे. रात्री अचानक डोळा दुखायला लागला तर दारात उभी असलेली गाडी निघेल की नाही, याची खात्री नसणं आईला फार लागत होतं. ती तसं बोलली नाही, पण फोन ठेवताना "तू येतेस का या शनिवारी?" एवढं विचारलं. मी पुण्यात विजेच्या पॅनेलच्या टेस्टिंगचं काम करते. व्होल्टेज आणि करंट मोजणारा मल्टिमीटर रोज हातात असतो, पण गाडीवर तो कधी लावला नव्हता. शुक्रवारी रात्री ऑफिसचा नव्हे, माझा स्वतःचा मीटर, दोन जोड्या मगर क्लिप आणि दहा नंबरचा पाना पिशवीत टाकून मी एसटीत बसले.

शनिवारी सकाळी बॅटरीवर मीटर लावला. 11.3 व्होल्ट. बारा व्होल्टची म्हणतो ती बॅटरी पूर्ण भरलेली आणि काही तास स्वस्थ पडलेली असेल तर 12.6 ते 12.7 दाखवते. 12.2 म्हणजे साधारण निम्मी, आणि 12 च्या खाली गेली की तळ दिसायला लागतो. आकड्यांतला फरक दिसायला किती लहान! पूर्ण आणि रिकामी यांच्यात जेमतेम एक व्होल्ट. म्हणून सुई किंवा दिव्याचा टेस्टर इथे कामाचा नाही, आकडे दाखवणारा मीटरच हवा.

चार्जर घरी नव्हता. कराडला एक जुने वायरमन काका आहेत, अप्पांच्या ओळखीचे. आधीच्या तिघांत ते नव्हते, कारण हल्ली ते दुकान फक्त सकाळीच उघडतात. त्यांच्याकडे चार्जर मागायला गेले आणि सगळी हकिगत सांगितली. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, चालू गाडीत डायनामो बघायला दोन मिनिटं लागतात. तो चांगला निघाला तर मग करंट खातंय कोण, ते शोधायचं. बॅटरी बदलून ते खाणारं थांबत नाही. नव्या बॅटरीचंही खातंय."

मग त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या आणि त्या दोन्ही दुसऱ्या दिवशी उपयोगी पडल्या. एक, बॅटरी पूर्ण भरल्याशिवाय काही मोजू नका. दोन, गाडी झोपेपर्यंत थांबा. "चावी काढली म्हणजे गाडी झोपली असं नाही. आत कॉम्प्युटर असतात, सेंट्रल लॉक असतं. ते सगळे एकेक करून झोपतात. घाईने मीटर बघाल तर भलताच आकडा बघून भलताच फ्यूज उपसाल."

बॅटरी काढून ओसरीत मोकळ्या हवेत चार्जिंगला लावली. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो, त्यामुळे बंद खोलीत ठेवायची नाही आणि जवळपास ठिणगी होऊ द्यायची नाही. आईची उदबत्ती मी त्या दिवशी आत देवघरातच ठेवायला लावली. तीन अँपिअरने चार्जिंग रात्रभर चाललं. टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड साठली होती, ती खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने साफ केली. पहाटे पाचला चार्जर बंद केला आणि नऊपर्यंत बॅटरीला हात लावला नाही. चार्जरवरून काढल्या काढल्या व्होल्टेज खोटंच जास्त दिसतं. नऊला मोजलं, 12.64. म्हणजे इतक्या वेळा तळाला जाऊनही ती अजून सावरत होती. लेड-अॅसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि तिची धारण करायची ताकद कमी होत जाते. आणखी दोन-तीनदा असंच झालं असतं तर हीही गेली असती आणि अप्पांनी तिसरी आणली असती.

बॅटरी गाडीत बसवली आणि मीटर तिच्यावर ठेवूनच अप्पांना सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन फिरत असताना व्होल्टेज 10.2 पर्यंत खाली आलं आणि लगेच वर गेलं. साडेनऊच्या खाली गेलं असतं तर बॅटरीवर शंका घेतली असती. इंजिन चालू असताना 14.2. हेडलाइट, पंखा, मागची काच तापवायची जाळी, सगळं लावलं तरी 13.8. डायनामो निर्दोष. बदलला असता तर काही हजार रुपये गेले असते आणि चार दिवसांनी गाडी पुन्हा उभीच राहिली असती.

आता खरं काम. करंट मोजायचा तर मीटर वाटेत घालावा लागतो, म्हणजे बॅटरीतून बाहेर जाणारा सगळा करंट मीटरमधून गेला पाहिजे. हे निगेटिव्ह बाजूलाच करायचं, कारण गाडीची अख्खी बॉडी निगेटिव्ह असते. पॉझिटिव्हचा नट सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडून पाना तिथेच चिकटतो.

मीटरच्या तोंडाशी थोडं थांबून सांगते, कारण सगळ्या चुका तिथेच होतात. माझ्या मीटरला तीन भोकं आहेत. काळी वायर नेहमी मधल्या कॉमनमध्ये. लाल वायर व्होल्ट आणि मिलिअँपिअरच्या भोकात असते. ती काढून मी 10 अँपिअरच्या भोकात घातली आणि खटका 10 अँपिअर डीसीवर आणला. मिलिअँपिअरच्या भोकात आत छोटा फ्यूज असतो. गाडीचा दरवाजा उघडला आणि दिवा लागला तरी तो उडतो. उलट 10 अँपिअरचं भोक कित्येक साध्या मीटरमध्ये फ्यूजशिवायच असतं. त्यामुळे मीटर असा लावलेला असताना चावी फिरवायची नाही, सेल्फ मारायचा नाही, हेडलाइट लावायचे नाहीत. स्टार्टर शंभर अँपिअरच्या वर ओढतो. अप्पांकडून चावी मागून घेतली आणि आईकडे दिली. तिने ती पदराला बांधली.

दरवाज्याची गोष्ट मला आवडली. फ्यूजपर्यंत पोचायला ड्रायव्हरचा दरवाजा उघडा हवा, आणि दरवाजा उघडा असला की गाडी झोपत नाही. म्हणून उघड्या दरवाज्याच्या कुलपाची खिट्टी स्क्रूड्रायव्हरने दोन खटके आत फिरवली. गाडीला वाटलं दार बंद झालं, आतला दिवा हळूहळू विझला. काम झाल्यावर हँडल ओढून ती खिट्टी परत मोकळी करायची, नाहीतर दार आपटून बंद करताना कुलूप मोडतं.

बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला वायर धरून ठेवणारा क्लॅम्प सैल केला. काढण्याआधीच मीटरची एक मगर क्लिप क्लॅम्पला आणि दुसरी बॅटरीच्या खांबाला लावली, आणि मग क्लॅम्प अलगद वर उचलला. असं केलं की करंट एक क्षणही तुटत नाही. तुटला तर परत जोडताना सगळे कॉम्प्युटर जागे होतात आणि वाट बघणं पहिल्यापासून सुरू होतं. माझ्याकडून पहिल्या वेळी क्लिप निसटली. आत कुठेतरी खट् असा आवाज झाला आणि आकडा 2.9 वर गेला. परत थांबले.

आकडा उतरताना बघणं म्हणजे खरंच कुणी झोपी जाताना बघण्यासारखं आहे. 2.9 वरून 0.74. बराच वेळ 0.74 वरच. मग एकदम 0.35. मग 0.32. आई चहा घेऊन आली, कप खाली ठेवायलाही दबकत होती. चाळीस मिनिटं झाली. 0.32 हलेना.

उभ्या गाडीने थोडा करंट घेणं साहजिक आहे. घड्याळ, इंजिनच्या कॉम्प्युटरची स्मृती, रिमोटचं कुलूप, या सगळ्यांना मिळून 20 ते 50 मिलिअँपिअर लागतात. 50 मिलिअँपिअर म्हणजे 0.05. आमच्याकडे त्याच्या सहापट जात होतं.

अप्पा काळा चष्मा लावून पायरीवर बसले होते. "किती?"

"पॉईंट तीन दोन."

"म्हणजे लई का कमी?"

मी लाइट बिलाच्या पाकिटावर लिहून दाखवलं. 0.32 गुणिले 24 तास, दिवसाला 7.7 अँपिअर-तास. तीन दिवसांत 23. बॅटरी सगळी मिळून 35 ची. म्हणजे चौथ्या दिवशी सकाळी सेल्फपुरताही जोर उरत नाही, आणि गाडी नेमकी चौथ्या-पाचव्या दिवशीच बंद पडत होती.

अप्पांनी पाकीट डोळ्यांजवळ धरून बघितलं. "ही गळती आधीपासून असणार. मी रोज गाडी काढत होतो तोवर रोज टाकी भरत होती, म्हणून कळलं नाही. ऑपरेशन झालं, गाडी उभी राहिली, आणि गळती उघडी पडली." मग म्हणाले, "आता व्हॉल्व्ह एकेक बंद करत जा. ठिबकची लाइन फुटली की आम्ही दुसरं काय करतो? ज्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर प्रेशर वाढतं, त्या लाइनीत फुटलंय."

मी मनात जे जुळवत होते ते त्यांनी माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत सांगितलं. फ्यूज म्हणजे व्हॉल्व्हच.

बॉनेटखालच्या पेटीतले फ्यूज आधी बघितले. एक काढायचा, मीटर बघायचा, परत तिथेच बसवायचा. काढण्यापूर्वी मोबाइलवर पेटीचा फोटो घेतला. काही काढल्यावर आकडा जरासा थरथरला, पण 0.32 च्या आसपासच राहिला. मग स्टेअरिंगखालची पेटी. लाल दहाचे, पिवळे वीसचे, एक तपकिरी साडेसातचा. निळा पंधराचा चिमट्याने ओढला आणि बाहेरून अप्पांनी हाक मारली, "पडला गं पडला! शून्य शून्य दोन!"

मीटरवर 0.02 होतं.

खात्री करायला काकांनी सांगितलेली दुसरी पद्धतही वापरली. फ्यूज परत बसवला, क्लॅम्प पुन्हा खांबावर घट्ट केला, मीटर मोकळा केला. इथे माझा हात एकदम थांबला, कारण लाल वायर अजून 10 अँपिअरच्याच भोकात होती. त्या अवस्थेत मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावला असता तर थेट शॉर्ट. आधी वायर व्होल्टच्या भोकात, मग खटका 200 मिलिव्होल्टवर, आणि गाडी परत झोपेपर्यंत पुन्हा अर्धा तास. फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात. त्यांच्यावर दोन टोकं टेकवली. करंट वाहत असेल तर फ्यूजच्या स्वतःच्या रोधामुळे तिथे अगदी थोडं व्होल्टेज पडतं. इतर फ्यूजवर 0.0, निळ्यावर 1.5 मिलिव्होल्ट. अशा पंधराच्या फ्यूजचा रोध पाच मिलिओहमच्या जवळपास असतो, त्यामुळे हिशेब 0.3 अँपिअरच्या आसपास येतो. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला. नव्या गाड्यांत, जिथे फ्यूज काढला की कॉम्प्युटर जागे होतात, तिथे हीच पद्धत बरी. काही उपसायलाच लागत नाही.

पण फ्यूज सापडला म्हणजे चोर सापडला असं नाही, फक्त गल्ली कळते. झाकणावर त्या फ्यूजसमोर रूम लॅम्प आणि ऑडिओ असं दोन्ही होतं. आतला दिवा विझलेला दिसत होता. डिकीचा दिवा बंद डिकीत जळत असला तर दिसणार कसा? मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो डिकीत ठेवला, डिकी लावली, मिनिटाने उघडून व्हिडिओ बघितला. झाकण बंद होताच काळोख. दिवा निर्दोष.

राहिली म्युझिक सिस्टीम. ती कंपनीची नव्हे, मोठ्या स्क्रीनची, नंतर बसवलेली. स्क्रीन तर काळी होती. भोवतीची प्लॅस्टिकची पट्टी जुन्या एटीएम कार्डाने सैल केली, चार स्क्रू काढले आणि डबा पुढे ओढून मागे हात घातला. मागची पत्र्याची पाठ कोमट होती. गाडी कितीतरी वेळ बंद, चावी आईच्या पदराला, आणि हा डबा ताज्या भाकरीचं फडकं लागावं तसा हाताला कोमट लागत होता. 12.6 व्होल्ट आणि 0.3 अँपिअर, म्हणजे पावणेचार वॅट, न थांबता. मीटरने तासाभरापूर्वी सांगितलेलं आता तळहातानेही सांगितलं. मीटर परत वाटेत घातला आणि मागचा कपलर, म्हणजे सगळ्या वायरींचा एकत्र जोड, ओढून काढला. आकडा 0.02 वर आला.

बाहेरून बसवायच्या सिस्टीमला दोन पॉझिटिव्ह वायरी असतात. पिवळी कायम बॅटरीला जोडलेली, ती फक्त स्टेशनं आणि घड्याळ लक्षात ठेवण्यापुरता करंट घेते. लाल वायर चावीवरून येते. तिच्यात करंट आला की सिस्टीम जागी होते, गेला की झोपते. इथे लाल वायर पिवळीला पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. उन्हाने टेपचा डिंक वितळून बोटांना लागला. म्हणजे सिस्टीमच्या लेखी चावी कधी निघालीच नव्हती. बटण दाबून स्क्रीन काळी केली, तरी आतला कॉम्प्युटर रात्रंदिवस जागा.

मला संताप आला. पैसे घेऊन असं काम कोण करतं, असं मी मोठ्याने म्हणाले. अप्पा काही बोलले नाहीत. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"त्याला काही म्हणू नको. मीच सांगितलं होतं."

आई दर महिन्याला चाफळला रामाच्या दर्शनाला जाते. अप्पांचे गुडघे दुखतात, पायऱ्या जमत नाहीत, म्हणून ते गाडीत बसून राहतात. तासभर. आकाशवाणीवर अभंग लावतात. चावी गाडीला ठेवून डोळा लागला तर गाडीचं काय होईल अशी त्यांना धास्ती, आणि चावी काढून खिशात टाकली की रेडिओ बंद. "बसवणाऱ्या पोराला म्हटलं, चावी काढली तरी गाणं चालू राहील असं कर. तो नको म्हणत होता. मीच हट्ट धरला."

माझा राग तिथल्या तिथे गेला. त्या पोराने नको म्हटलं होतं.

दुरुस्तीला वेळ लागला नाही. मीटर व्होल्टवर ठेवून गाडीच्या मूळ कपलरमधली एकेक वायर तपासली. चावी पहिल्या खटक्यावर असताना 12.4 आणि चावी काढली की 0, अशी एकच वायर मिळाली. लाल तिला जोडली, डाग दिला, वर स्लीव्ह चढवली. पिवळी एकटी ठेवली. सगळं परत बसवलं आणि तिसऱ्यांदा चाळीस मिनिटं थांबले. आईने मध्ये जेवायला वाढलं, तरी माझं अर्धं लक्ष अंगणात. 0.02. दिवसाला अर्धा अँपिअर-तास. महिनाभर गाडी उभी राहिली तरी निम्मी बॅटरी शिल्लक राहील.

अप्पांना चाफळसाठी सेलवर चालणारा छोटा रेडिओ घेऊन दिला. तो त्यांनी हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला, स्टेशन लावलं आणि "आवाज चांगला आहे" म्हणाले. मीटर मात्र मी परत नेऊ शकले नाही. तो त्यांनी मागून घेतला. लाल वायर व्होल्टच्या भोकात घट्ट बसवून, 10 अँपिअरच्या भोकावर मी चिकटपट्टी लावली, आणि खटका 20 व्होल्टवरून हलवायचा नाही असं सांगून निघाले.

आता रोज सकाळी सातच्या सुमारास फोन वाजतो. कालनिर्णयच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाच्या खाली, ते आकडा लिहून ठेवतात आणि मग मला कळवतात. आज गाडी उभी राहून पाचवा दिवस.

"बारा पॉईंट पाच आठ," अप्पा म्हणाले. "आईला सांग ना तूच. मी सांगितलं तर ती म्हणते, गाडी सुरू करून दाखवा."

मागून सेल्फ मारल्याचा आवाज आला. पहिल्याच झटक्यात लागली.